दुसरा भाग

विद्यार्थी मित्रांनो, एखादी गोष्ट तुम्हांला फार आवडली आणि मग कोणी सांगितले, "अरे, या गोष्टीचा दुसरा भागही आहे," तर तुम्हांला काय वाटेल? तो दुसरा भाग कधी एकदा हाती पडतो, असे होईल. रात्री झोप येणार नाही. पुढे काय झाले असेल, याच्या कल्पना तुम्ही मनातल्या मनात करू लागाल.

मी तुम्हांला अशाच एका दुसऱ्या भागाची हकिकत सांगणार आहे. हा दुसरा भाग म्हणजे एक चित्रपट. तो मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा 1997 साली आणि दुसऱ्यांदा 2020 साली. पहिल्या वेळी मी त्याच्यावर फार रागावलो होतो. त्या रागाच्या भरात माझ्या हातून एक चूकही झाली. ती चूक मला पुष्कळ वर्षांनी कळली. चित्रपटाबरोबर त्या चुकीचीही हकिकत सांगतो.

सुरुवात पहिल्या भागापासून करू या.

1993 साली अमेरिकेत 'जुरासिक पार्क' नावाचा चित्रपट निघाला. स्टीव्हन स्पीलबर्ग हे त्याचे दिग्दर्शक. मायकेल क्रायटन या लेखकाच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. 1994 मध्ये हा चित्रपट हिंदी आवाजात आपल्या देशात आला. त्यामुळे इंग्रजी न समजणारी माझ्यासारखी लहान गावांतली मुलेही तो पाहू शकली. डायनासोरांच्या गर्जनेचे भाषांतर कोणाला करावे लागले नाही, एवढे बरे!

मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही जळगावला राहत होतो. शाळेत सगळीकडे या चित्रपटाचीच चर्चा. शेवटी वडिलांनी आम्हां भावंडांना नेण्याचे कबूल केले. थिएटरबाहेर ही भली मोठी रांग! आत गेलो, तर पंख्यांचा खडखडाट आणि लोकांचा गोंधळ. पण दिवे मालवले आणि थोड्याच वेळात सगळे थिएटर चिडीचूप झाले.

तुमच्यापैकी अनेकांनी हा चित्रपट पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक श्रीमंत म्हातारे गृहस्थ एका बेटावर डायनासोरांचा बाग उभारतात. डायनासोर तर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नाहीसे झाले. मग ते आले कोठून? चित्रपटात सांगितले आहे, की फार जुन्या काळी एक डास डायनासोरचे रक्त प्यायला आणि मग झाडाच्या चिकात अडकला. तो चीक पुढे दगडासारखा घट्ट झाला. त्या डासाच्या पोटातल्या रक्तावरून शास्त्रज्ञांनी पुन्हा डायनासोर तयार केले. असे खरोखर करता येत नाही. इतक्या जुन्या रक्तातले काहीच शाबूत राहत नाही, असे आज शास्त्रज्ञ सांगतात. पण थिएटरात बसलेल्या आम्हां मुलांना त्याचे काय! आमचा त्या डासावर पूर्ण विश्वास बसला.

त्या चित्रपटातला एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. रात्रीची वेळ आहे. पाऊस पडतो आहे. बागेतली वीज गेली आहे. दोन मुले मोटारीत बसली आहेत. मोटारीत पाण्याचे पेले ठेवले आहेत. अचानक त्या पाण्यावर बारीक लहरी उठतात. पुन्हा उठतात. दूरवर काहीतरी प्रचंड, जड असे पाऊल टाकीत येत आहे! अजून प्राणी दिसलेलाच नाही, पण आमच्या अंगावर काटा उभा राहिला होता. या लहरी कशा काढल्या, ते मी पुढे वाचले. मोटारीच्या खालून गिटारची तार लावली होती आणि ती छेडली, की पेल्यातले पाणी थरथरत असे. म्हणजे डायनासोरच्या भीतीचे सगळे रहस्य एका तारेत होते!

सव्वादोन तासांहून थोड्या कमी वेळाच्या त्या चित्रपटात डायनासोर दिसतात, ते सगळे मिळून सुमारे पंधरा मिनिटे. मोठा टायरॅनोसॉरस तर जवळजवळ तासाभराने येतो. पण तो येण्याआधीच मनात येऊन बसलेला असतो. त्या रात्री घरी आल्यावर मी पाण्याचा पेला जमिनीवर ठेवला आणि लांबून पाय आपटून पाहिला. आईने विचारले, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "डायनासोर येतोय!"

त्यानंतर तीन वर्षे मी दुसऱ्या भागाची वाट पाहिली. वहीच्या मागच्या पानांवर डायनासोर काढले. माझ्या मनात दुसऱ्या भागाची एक पूर्ण गोष्टच तयार झाली होती. या सगळ्यात माझा एक सोबती होता. त्याचे नाव मी सांगत नाही. ते त्याला आवडणार नाही. तो पाचवीत आमच्या शाळेत आला. त्याचे गाव तापीच्या काठी होते. गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून तो जळगावला मामांकडे राहून शिकत होता. दर महिन्याला त्याची आई एस.टी.ने येत असे. येताना एका डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि लाडू आणी. संध्याकाळच्या गाडीने ती परत जाई. तिला पोचवून आला, की तो दुसऱ्या दिवशी वर्गात फारसे बोलत नसे. आम्ही मात्र त्याच्या डब्यातले लाडू आनंदाने खात असू.

1997 च्या मे महिन्यात अमेरिकेत 'द लॉस्ट वर्ल्ड : जुरासिक पार्क' हा दुसरा भाग आला. आमच्या गावात तो यायला आणखी काही महिने गेले. आम्ही तेव्हा दहावीत होतो. सहामाही परीक्षा संपली आणि आम्ही पाच मित्र तो पाहायला गेलो. तिकिटाचे पैसे आम्ही खाऊच्या पैशांतून साठवले होते. मी वाटेत सगळ्यांना सांगत होतो, "बघा, हा पहिल्यापेक्षाही भारी असणार!"

दोन तासांनी आम्ही बाहेर आलो, तेव्हा माझा चेहरा उतरला होता.

काय बिघडले होते? या भागात दुसरे एक बेट आहे. त्याचे नाव इस्ला सोर्ना. तेथे डायनासोर मोकळे फिरत असतात. इयान माल्कम हा पहिल्या भागातला गणितज्ञ तेथे जातो, कारण सारा ही त्याची मैत्रीण आधीच तेथे पोचलेली असते. ती प्राण्यांचा अभ्यास करते. मग शिकाऱ्यांची एक टोळी येते. त्यांना डायनासोर पकडून शहरात न्यायचे असतात. पुढे धावपळ, आरडाओरडा, पुन्हा धावपळ. शेवटी एक टायरॅनोसॉरस जहाजातून अमेरिकेतल्या सान डिएगो शहरात येतो आणि रस्त्यांवर धुमाकूळ घालतो.

माझ्या तक्रारींची यादी लांबलचक होती. पहिल्या भागात एक टायरॅनोसॉरस होता, तर येथे दोन मोठे आणि वर एक पिल्लू. पण भीती मात्र निम्मीच! सारा प्राण्यांच्या वासाविषयी सगळे जाणते, तरी पिल्लाचे रक्त लागलेला कोट तीच अंगात घालून जंगलात फिरते. माल्कमची शाळकरी मुलगी दांड्यावर कसरत करून एका डायनासोरला लाथेने उडवते. जहाज बंदरावर येऊन आदळते, तेव्हा त्यावरचे खलाशी मेलेले असतात. टायरॅनोसॉरस तर खाली कोठीत बंद आहे. मग खलाशांना मारले कोणी? चित्रपट ते सांगतच नाही. मी थिएटरच्या पायऱ्यांवर उभा राहून एकेक चूक मोजून दाखवत होतो आणि बाकीचे माना हलवत होते.

एकटा तो मित्र गप्प होता. मी त्याला विचारले, "तुला काय वाटलं?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "मला आवडला. ते दोघं रात्री, पावसात, पिल्लाला शोधत आले ना, ते मला आवडलं."

मी मोठ्याने हसलो. म्हणालो, "घ्या! याला डायनासोरमध्येही आई दिसते! अरे, आठवण आली असेल तर एस.टी. पकड आणि जा गावाला!"

सगळे हसले. तो हसला नाही. त्याला राग आल्याचेही दिसले नाही. त्याने फक्त आपली सायकल घेतली आणि तो निघून गेला.

आमचे भांडण वगैरे काही झाले नाही. वर्गात आम्ही बोलत होतो. पण त्यानंतर तो माझ्याबरोबर कोणताही चित्रपट पाहायला आला नाही. लाडवांचा डबाही त्याने पुन्हा कधी वर्गात उघडला नाही. दहावीनंतर तो आय.टी.आय.ला गेला आणि मग नाशिकला एका कारखान्यात नोकरीला लागला. सणासुदीला कधी फोन होई. दोन-चार वाक्ये बोलून आम्ही थांबत असू. हे असे का झाले, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आता 2020 सालाकडे येतो. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती. शाळा बंद, बाहेर जाणे बंद. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला वेळ कसा घालवायचा कळेना. एके दिवशी मी तिला 'जुरासिक पार्क' दाखवला. तो संपताच तिने विचारले, "बाबा, याचा दुसरा भाग आहे का?"

मी म्हणालो, "आहे, पण तो चांगला नाही."

"तुम्ही कधी पाहिला होता?"

"दहावीत असताना."

ती म्हणाली, "मग तुम्हांला आता कसं माहीत?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही दुसरा भाग लावला.

खरे सांगायचे, तर माझ्या जुन्या तक्रारी खोट्या नव्हत्या. रक्ताचा कोट आजही खटकतो. मेलेल्या खलाशांचे कोडे आजही सुटत नाही. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनीही पुढे मुलाखतीत सांगितले, की हा चित्रपट करताना ते स्वतःवरच नाराज होते. म्हणजे चित्रपट सदोष आहे, हे मी 1997 साली ओळखले, त्यात काही चूक नव्हती. पण दोष मोजण्याच्या नादात माझ्या नजरेतून काय निसटले होते, ते मला आता दिसू लागले.

चित्रपटाच्या मध्यावर एक मोठा प्रसंग आहे. शिकाऱ्यांनी टायरॅनोसॉरसचे एक पिल्लू बांधून ठेवलेले असते. त्याचा पाय मोडलेला असतो. सारा आणि तिचा एक सोबती त्याला सोडवून आपल्या गाडीत आणतात. ही गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. आत प्रयोगशाळा आहे. ते पिल्लाच्या पायाला आधार बांधत असतात. पिल्लू ओरडत असते. बाहेर रात्र आणि पाऊस. मग त्याचे आई-बाप येतात. एक जण या खिडकीतून डोकावतो, दुसरा त्या खिडकीतून. त्यांना गाडी मोडायची घाई नाही. ते आत पाहत आहेत. आतली माणसे पिल्लाला हळूच दारातून बाहेर देतात. आई-बाप त्याला घेऊन जातात.

आणि मग परत येतात! आपल्या पिल्लाला नेणारी ही वस्तू त्यांना आपल्या परिसरात नको असते. ते गाडीला धडका देऊन कड्यावरून ढकलू लागतात. गाडीचा मागचा भाग कड्यावरून खाली लोंबकळतो. सारा घसरत जाऊन थेट मागच्या काचेवर पडते. खाली शेकडो फूट खोल समुद्र. तिच्या हाताखाली काचेला एक बारीक तडा जातो. मग दुसरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पसरत जातात. ती श्वास रोखून हात उचलते. त्यांचा एडी नावाचा एक सोबती असतो. तो दुसरी मोटार घेऊन धावत येतो आणि तिच्या दोराने ती लोंबकळणारी गाडी ओढून धरतो.

माझ्या मुलीने माझा दंड घट्ट पकडला होता. मीही पुढे सरकून बसलो होतो. पहिल्या भागातला पाण्याचा पेला आणि दुसऱ्या भागातली ही काच, या दोन्ही एकाच हाताची कामे आहेत. 1997 साली हीच काच माझ्यासमोर तडकली होती. पण मी त्या वेळी माझ्या मनातल्या चित्रपटाशी तिची तुलना करण्यात गुंतलो होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. हा सगळा चित्रपटच आई-बाप आणि मुलांचा आहे. माल्कमची मुलगी सुरुवातीलाच त्याच्याकडे तक्रार करते, की तुम्ही मला सोडून सतत बाहेर जाता. म्हणून ती चोरून त्याच्या गाडीत लपून बेटावर येते. सान डिएगोच्या रस्त्यावर जो टायरॅनोसॉरस धुमाकूळ घालतो, तोही बाप आहे. त्याचे पिल्लू त्याच शहरात आणलेले असते. माल्कम आणि सारा ते पिल्लू मोटारीत घालून बंदराकडे नेतात आणि तो प्रचंड प्राणी त्याच्या मागोमाग जहाजात शिरतो. शेवटी ते कुटुंब पुन्हा आपल्या बेटावर दिसते. माझ्या मित्राने एका वाक्यात जे सांगितले होते, तेच या चित्रपटाचे सार होते. पाच जणांत चित्रपट खऱ्या अर्थाने एकट्याने पाहिला होता आणि आम्ही त्यालाच हसलो होतो.

डायनासोर खरोखर पिल्लांची काळजी घेत होते का? हा प्रश्न माझ्या मुलीनेही विचारला. मी पुस्तके काढून बसलो. जी माहिती मिळाली, ती तुम्हांलाही आवडेल.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जॅक हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1978 साली डायनासोरांची घरटी सापडली. त्यांत पिल्लांची हाडे होती. पिल्लांचे पायाचे सांधे अजून कच्चे होते, पण दात मात्र झिजलेले होते. याचा अर्थ काय? ज्या पिल्लांना नीट चालताही येत नव्हते, ती घरट्यात बसून काहीतरी खात होती. मग अन्न कोणी आणून दिले असेल? हॉर्नर यांनी अनुमान काढले, की आई-बापांनी. 1979 साली त्या डायनासोरला 'मायासॉरा' असे नाव दिले गेले. त्याचा अर्थ 'चांगली आई असलेला सरडा'. हेच हॉर्नर 'जुरासिक पार्क' आणि 'द लॉस्ट वर्ल्ड' या दोन्ही चित्रपटांचे सल्लागार होते.

पण सगळेच डायनासोर असे नव्हते. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांना डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी मिळाली. त्यांचा अहवाल 2023 साली प्रसिद्ध झाला. ही घरटी एकमेकांच्या इतकी जवळ होती, की त्या प्रचंड प्राण्यांना त्यांच्यामधून फिरायला जागाच नव्हती. म्हणून शास्त्रज्ञांना वाटते, की आई अंडी घालून निघून जात असावी. टायरॅनोसॉरसचे घरटे तर अजून सापडलेलेच नाही. म्हणजे पावसात येणारे ते आई-बाप ही चित्रपटाची कल्पना आहे. परंतु ती कल्पना मायासॉराच्या घरट्यासारख्या खऱ्या पुराव्यांतून सुचलेली आहे.

सर्वांत जास्त मला विचार करायला लावले, ते ओव्हिरॅप्टरच्या गोष्टीने. 1923 साली मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटात एका डायनासोरचा सांगाडा अंड्यांजवळ सापडला. शास्त्रज्ञांना वाटले, ही अंडी दुसऱ्याच प्राण्याची आहेत आणि हा ती चोरायला आला होता. म्हणून त्याला नाव दिले ओव्हिरॅप्टर, म्हणजे 'अंडीचोर'. सत्तर वर्षे तो जगभर चोर म्हणून ओळखला गेला. मग 1993 साली त्याच वाळवंटात तशाच एका अंड्यात गर्भाची हाडे मिळाली. तो गर्भ ओव्हिरॅप्टरच्याच जातकुळीतला निघाला! पुढे अंड्यांवर पक्ष्यासारखा बसलेला सांगाडाही मिळाला. ज्याला चोर ठरवले होते, तो आपल्याच अंड्यांजवळ होता. शास्त्रज्ञांनी आपली चूक कबूल केली. पण शास्त्राच्या नियमाप्रमाणे एकदा दिलेले नाव बदलता येत नाही. बिचारा आजही अंडीचोरच म्हणवला जातो.

हे वाचले आणि मला थिएटरच्या पायऱ्या आठवल्या. सायकल घेऊन जाणारा मित्र आठवला. लाडवांचा डबा आठवला. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाने मोठ्या विश्वासाने एक वाक्य माझ्यापाशी बोलून दाखवले होते. मी त्याचा विनोद केला. माझा राग होता चित्रपटावर आणि तो निघाला त्याच्यावर.

मित्रांनो, आपली निराशा होते, तेव्हा आपण पुष्कळदा असेच करतो. आपल्याला जे आवडले नाही, ते दुसऱ्याला आवडलेले आपल्याला सहन होत नाही. खरे तर पहिल्या भागातही चुका होत्या. ज्या कुंपणातून टायरॅनोसॉरस सपाट जमिनीवरून चालत बाहेर येतो, त्याच ठिकाणी थोड्या वेळाने खोल कडा दिसतो! पण तेथे आम्ही काही मोजले नाही, कारण आम्ही थक्क झालो होतो. पहिल्यांदा डायनासोर पाहण्याचा आनंद एकदाच मिळतो. दुसऱ्या भागाने तोच आनंद पुन्हा द्यावा, अशी माझी अपेक्षा होती. ते कोणत्याच चित्रपटाला जमले नसते. 2025 पर्यंत या मालिकेत सात चित्रपट निघाले. एकही पहिल्यासारखा वाटला नाही आणि आता तशी माझी अपेक्षाही नाही.

त्या रात्री मी मित्राला फोन केला. कारखाना बंद असल्यामुळे तो नाशिकहून गावी आला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी म्हणालो, "आपण दहावीत 'लॉस्ट वर्ल्ड' पाहिला होता, आठवतं? मी तेव्हा तुला हसलो होतो. ते माझं चुकलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पिक्चर मला नीट आठवत नाही. तू हसलास, ते आठवतं."

मला काय बोलावे, ते सुचेना. मग तोच म्हणाला, "बरं, बघतो पुन्हा. तसाही घरीच बसलोय."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात जुना उत्साह होता. "अरे, तो एडी! तो डायनासोर मोटारीवर चालून आला, तरी त्याने ती गाडी सोडली नाही. स्वतः मेला, पण ती तीन माणसं वाचली. त्याच्याबद्दल नंतर फारसं कोणी बोलत नाही!"

खरेच की! मी चित्रपट दोनदा पाहिला, पण एडीकडे माझे लक्षच गेले नव्हते. या वेळी मात्र मी हसलो नाही. म्हणालो, "तू सांगितलंस म्हणून कळलं. मी पुन्हा पाहतो."

मग मी विचारले, "एकट्यानेच पाहिलास का?"

"नाही रे," तो म्हणाला. "आई बसली होती शेजारी. तिला गोष्ट काही कळली नाही. पण मधून मधून ती एकच विचारत होती, पिल्लू मिळालं का त्यांना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मिळालं."